घरचा सर्व्हर: आधी तो मेल्यावरचं ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात एक जुना लॅपटॉप पडून आहे. त्यावर, किंवा नवा मिनी पीसी घेऊन त्यावर, कुटुंबाचे फोटो, कागदपत्रं आणि पासवर्ड स्वतःच्या ताब्यात ठेवायचे आहेत. यंत्र कुठलं घ्यावं, त्यावर काय बसवावं, दोन डिस्कचा मिरर केला तर वेगळा बॅकअप लागतो का, घराबाहेरून ते कसं वापरायचं आणि देखभालीला वेळ किती जातो?

मी मधूनच सुरुवात करतो, कारण यंत्र आणि सॉफ्टवेअर निवडणं हा यातला सर्वांत सोपा भाग आहे. फाइली सांभाळणारं नेक्स्टक्लाउड किंवा फोटो सांभाळणारं इमिच एका दुपारी उभं राहतं. खरी कसोटी दोन वर्षांनी लागते: डिस्क गेलेली असते, आपण तेव्हा नेमकं काय केलं होतं ते आठवत नसतं आणि घरचे फोटो कुठे गेले म्हणून विचारत असतात. म्हणून पहिला खरा फोटो सर्व्हरवर चढवण्याआधी स्वतःला विचारा, हे यंत्र आत्ता कुणी उचलून नेलं तर दुसऱ्या कुठल्याही संगणकावर हे सगळं मला एका दिवसात परत उभं करता येईल का? येत असेल तर बाकीचे निर्णय चुकले तरी निस्तरता येतात. येत नसेल तर कितीही महागडं यंत्र घ्या, तुम्ही नशिबावर चालला आहात.

आता मिरर. दोन डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिणं, म्हणजे रेड-१, याचा फायदा एवढाच की एक डिस्क मेली तरी सर्व्हर चालू राहतो. चुकून फोल्डर उडवलात तर तो दोन्हींवरून त्याच क्षणी उडतो. खंडणीखोर प्रोग्रॅमने फाइली कुलूपबंद केल्या तर दोन्हीकडच्या होतात. विजेचा झटका, पाणी, चोरी यांच्यासाठी तर दोन्ही डिस्क एकाच डब्यात असतात. शिवाय एकाच दिवशी घेतलेल्या एकाच बॅचच्या डिस्क साधारण सारख्याच वयाला थकतात, आणि एक गेल्यावर नव्या डिस्कवर प्रत बनवताना उरलेलीवर सलग कित्येक तास ताण येतो. कार्यालयाला सर्व्हर बंद पडणं परवडत नाही, म्हणून तिथे रेड लागतं. घरी तो संध्याकाळपर्यंत बंद राहिला तर कुणाचं फारसं अडत नाही. त्यामुळे पैसे दुसऱ्या एकाच डिस्कचे असतील, तर ती मिररला न लावता बॅकअपला लावा असंच मी सांगेन.

दोन्ही परवडत असेल तर मिरर झेडएफएस या फाइलप्रणालीचा (डिस्कवर फाइली मांडण्याच्या व्यवस्थेचा) करा. ते डेटाच्या प्रत्येक तुकड्याचा चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, जपून ठेवतं, त्यामुळे दोन प्रतींत तफावत आली तर खरी कुठली हे त्याला कळतं आणि बिघडलेली प्रत ते स्वतः दुरुस्त करतं. लिनक्सच्या साध्या सॉफ्टवेअर रेडला तफावत आहे एवढंच समजतं. डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर झेडएफएसची साधनं बसवली की दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सगळ्या डेटाची पडताळणी, म्हणजे स्क्रब, आपोआप होते. बीटीआरएफएस ही दुसरी फाइलप्रणालीही चेकसम ठेवते, पण तिच्या रेड-५ आणि रेड-६ (अनेक डिस्कवर डेटा वाटून ठेवण्याच्या पद्धती) यांच्या वाटेला जाऊ नका.

बॅकअपसाठी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम अजूनही पुरतो: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. तुमच्या बाबतीत सर्व्हरवरची मूळ प्रत, घरातल्या वेगळ्या डिस्कवर दुसरी आणि नातेवाइकाच्या घरी किंवा भाड्याच्या क्लाउड साठवणीत तिसरी. त्यासाठी रेस्टिक किंवा बोर्ग या बॅकअपच्या प्रोग्रॅमपैकी कुठलाही वापरा. दोन्ही डेटा आपल्याच यंत्रावर कूटबद्ध करून मग बाहेर पाठवू शकतात, त्यामुळे साठवण भाड्याने देणाऱ्याला आतलं काही वाचता येत नाही. आणि दोन्ही रोज फक्त बदललेला भाग पाठवतात, म्हणून पहिली फेरी कित्येक दिवस चालली तरी पुढच्या काही मिनिटांत आटपतात.

यात चार जागी लोक हमखास अडकतात. यांची काळजी घेतलीत तर बरंच साधलं.

पहिली, चालू डेटाबेसची फाइल तशीच उचलून कॉपी करणं. डेटाबेस लिहीत असताना घेतलेली प्रत अर्धवट असू शकते, आणि ते कळतं परत चढवताना. डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर डंप, म्हणजे सगळ्या डेटाची एका फाइलीत काढलेली प्रत, घ्या, एसक्यूलाइट असेल तर त्याचीच बॅकअपची आज्ञा वापरा आणि मग त्या डंपचा बॅकअप होऊ द्या. पासवर्ड सांभाळणारं व्हॉल्टवॉर्डन मुळात एसक्यूलाइट वापरतं, इमिच पोस्टग्रेस. इमिचचा डेटाबेस गेला तरी मूळ फोटो डिस्कवर राहतात, पण अल्बम आणि चेहऱ्यांना दिलेली नावं जातात. त्यामागे कुणाचे तरी कित्येक रविवार गेलेले असतात.

दुसरी, बॅकअपचा पासवर्ड. रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर तो कुणीही परत मिळवून देऊ शकत नाही, खुद्द रेस्टिक लिहिणारेसुद्धा नाहीत. आणि तो पासवर्ड लोक कुठे ठेवतात, तर व्हॉल्टवॉर्डनमध्ये, जे त्याच सर्व्हरवर चालत असतं. तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेवून दार ओढून घेतल्यासारखं आहे हे. तो कागदावर लिहा आणि कागद घराबाहेर विश्वासाच्या ठिकाणी ठेवा.

तिसरी, सर्व्हरला स्वतःचे बॅकअप पुसण्याचा अधिकार असणं. सर्व्हरमध्ये घुसलेला माणूस आधी बॅकअपच शोधतो. रेस्टिकचा रेस्ट-सर्व्हर "फक्त भर घाला, पुसू नका" अशा पद्धतीने चालवता येतो; बोर्गमध्येही तशी सोय आहे. भाड्याची साठवण असेल तर तिथे जुन्या आवृत्त्या ठरावीक दिवस जपण्याची सोय बघून घ्या.

चौथी दिसायला क्षुल्लक आहे. बाहेरची यूएसबी डिस्क एखाद्या दिवशी माउंटच होत नाही, म्हणजे यंत्राला वापरायला मिळत नाही. केबल सैल असते किंवा डिस्क जागी होत नाही. बॅकअपची स्क्रिप्ट मात्र ती डिस्क जिथे दिसायची त्या फोल्डरमध्ये इमानेइतबारे लिहीत राहते, आणि तो फोल्डर आता मूळ डिस्कवरचा रिकामा फोल्डर असतो. मूळ डिस्क गच्च भरते आणि बॅकअपही झालेला नसतो. स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत डिस्क खरोखर माउंट झाली आहे का ते तपासा आणि नसेल तर तिथेच थांबा.

हे सगळं करूनही, परत चढवून न पाहिलेला बॅकअप हा फक्त अंदाज असतो. वर्षातून दोनदा तरी दुसऱ्या संगणकावर, सर्व्हरला हात न लावता, फक्त बाहेरची प्रत आणि तो कागद घेऊन इमिच उभं करून बघा. पहिल्या वेळी काहीतरी कमी पडतंच: एखादी सेटिंग्जची फाइल, सेवेला बाहेरून द्यायचं एखादं मूल्य (पर्यावरण-चल), डोमेनचे पत्ते सांभाळणाऱ्या डीएनएसच्या खात्याची किल्ली. ते कमी पडलेलं शोधणं हाच या तालमीचा हेतू.

परत उभं करता यायला हवं, यातून सर्व्हर कसा बांधायचा हेही ठरतं. डेबियनची स्टेबल, म्हणजे स्थिर, आवृत्ती घ्या. नवनवं काही मिळत नाही म्हणून लोक नाकं मुरडतात, पण मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या संक्षेपण-लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये मुद्दाम पेरलेलं चोरदार सापडलं, तेव्हा ते डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल या चाचणीतल्या शाखांपर्यंत पोचलं होतं, स्टेबलपर्यंत नाही. एसएसएचने, म्हणजे दुरून, लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून आंद्रेस फ्रॉइंड हे अभियंते खोलात गेले, आणि त्यातून ते उघडकीला आलं. घरच्या सर्व्हरसाठी जुनं आणि कंटाळवाणं सॉफ्टवेअर ही चैन आहे असं माझं मत आहे. डेबियनच्या प्रत्येक स्टेबल आवृत्तीला दीर्घ पाठिंबा धरून सुमारे पाच वर्षं सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात.

त्यावर डॉकर, म्हणजे प्रत्येक सेवा वेगळ्या डब्यात (कंटेनरमध्ये) चालवणारं साधन, आणि प्रत्येक सेवा कशी चालवायची हे सांगणारी एक कम्पोज फाइल. सगळ्या कम्पोज फाइली एका फोल्डरमध्ये, तो फोल्डर बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये. सेवांचा डेटा डॉकरने स्वतः बनवलेल्या निनावी व्हॉल्यूममध्ये न ठेवता, तुम्ही नाव दिलेल्या फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे बॅकअप कशाचा घ्यायचा याचा गोंधळ होत नाही. टर्मिनलवर बसून हाताने काही बदललंत तर ते त्याच दिवशी एका साध्या मजकूर-फाइलीत टिपून ठेवा. काय केलं यापेक्षा का केलं ते लिहा. काय ते नंतर शोधून काढता येतं.

इमेजच्या, म्हणजे सेवेच्या तयार साच्याच्या, नावापुढे "लेटेस्ट" लिहू नका, आवृत्तीचा आकडा लिहा. पोस्टग्रेसच्या मुख्य आवृत्त्यांचा डिस्कवरचा डेटा एकमेकींना चालत नाही. "लेटेस्ट"मुळे एका पहाटे १६ च्या जागी १७ येऊन बसलं तर डेटाबेस सुरूच होत नाही, आणि आधी डंप घेऊन मग तो नव्या आवृत्तीत भरायचं काम घाईत करावं लागतं. नेक्स्टक्लाउडमध्ये मुख्य आवृत्त्या ओलांडून उडी मारता येत नाही. एकेक पायरी चढावी लागते, त्यामुळे दोन वर्षं दुर्लक्ष केलं की सगळ्या पायऱ्यांची शिक्षा एकदम होते.

घराबाहेरून वापरण्याबद्दल माझं मत ठाम आहे: राउटरवर सेवांसाठी एकही पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडू नका. २०२१ च्या जूनमध्ये एका प्रकारची जुनी घरगुती स्टोरेज यंत्रं कुणीतरी इंटरनेटवरून रीसेट केली आणि लोकांचा डेटा पुसला गेला. त्या यंत्रांना २०१५ नंतर अपडेटच मिळालेलं नव्हतं. २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने इंटरनेटवर उघड्या असलेल्या घरगुती नॅसवरच्या (नेटवर्कला जोडलेल्या स्टोरेज यंत्रांवरच्या) फाइली कुलूपबंद केल्या. दोन्ही वेळी कुणाला हेरून हल्ला झाला नव्हता. यंत्र बाहेरून दिसत होतं, एवढंच कारण पुरलं.

त्याऐवजी वायरगार्ड हे व्हीपीएन, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंतचा कूटबद्ध बोगदा, वापरा. ते २०२० पासून, ५.६ आवृत्तीपासून, लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, आहे. ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून चाचपणी करणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. त्यासाठी एक यूडीपी पोर्ट उघडावं लागतं, सहसा ५१८२० क्रमांकाचं, आणि तेवढा अपवाद मला मान्य आहे. पण तुमची इंटरनेट कंपनी अनेक घरांना एकच सार्वजनिक आयपी वाटून देत असेल तर तेही जमत नाही. ओळखायचं कसं? राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा आयपी आणि एखाद्या संकेतस्थळाला दिसणारा तुमचा आयपी वेगळे असतील, विशेषतः राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांनी सुरू होत असेल, तर तुम्ही सामायिक नॅटच्या, म्हणजे अशा वाटून दिलेल्या पत्त्याच्या, मागे आहात. अशा वेळी टेलस्केल वापरा. ते वायरगार्डवरच बांधलेलं आहे आणि दोन्ही टोकं आतून बाहेर जोडणी करत असल्यामुळे पोर्ट उघडावं लागत नाही. त्याचा समन्वय करणारा सर्व्हर कंपनीचा असतो. ते खटकत असेल तर त्या सर्व्हरच्या जागी हेडस्केल स्वतः चालवता येतं, पण त्याला सार्वजनिक पत्ता असलेलं यंत्र लागतं. सुरुवातीला त्या फंदात पडू नका.

सगळं व्हीपीएनच्या आत असलं तरी एचटीटीपीएस (ब्राउझरची कूटबद्ध जोडणी) लागतंच, कारण बरीच मोबाइल ॲप आणि ब्राउझर त्याशिवाय नीट चालत नाहीत. स्वतःचं एक डोमेन घ्या आणि प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टकडून डीएनएस पडताळणीने (डोमेन तुमचंच आहे हे त्याच्या नोंदीतून दाखवून) प्रमाणपत्र मिळवा. त्यासाठी पोर्ट उघडावं लागत नाही. कॅडी किंवा ट्रेफिक हे रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे आलेली मागणी योग्य सेवेकडे पोचवणारे प्रोग्रॅम, हे काम स्वतः करतात, फक्त तुमच्या डीएनएस कंपनीसाठीचा प्लगइन आहे का ते आधी बघा. इथली एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही: दिलेलं प्रत्येक प्रमाणपत्र सार्वजनिक नोंदवहीत जातं. "व्हॉल्ट" नावाच्या उपडोमेनसाठी वेगळं प्रमाणपत्र घेतलंत की ते नाव जगाला कळलं. म्हणून सगळ्या उपडोमेनना चालणारं एकच वाइल्डकार्ड प्रमाणपत्र घ्या. आणि नूतनीकरण आपोआपच झालं पाहिजे. ही प्रमाणपत्रं आतापर्यंत ९० दिवसांची असत, मुदती आणखी आखूड होत चालल्या आहेत आणि मुदत संपत आल्याचे ईमेल पाठवणं लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ मध्ये बंद केलं.

डॉकरचा एक सापळा इथेच सांगतो. यूएफडब्ल्यू या फायरवॉलने सगळी पोर्टं बंद केली म्हणून निर्धास्त राहू नका. डॉकर आपले नियम थेट आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या त्याखालच्या फायरवॉलमध्ये, घालतो, आणि कम्पोज फाइलमध्ये "८०८०:८०८०" असं लिहिलेलं पोर्ट यूएफडब्ल्यूला वळसा घालून उघडं होतं. त्याच्या आधी १२७.०.०.१ लिहा, म्हणजे ते फक्त त्याच यंत्रावरून दिसेल आणि बाकी सगळं रिव्हर्स प्रॉक्सीमधून जाईल. डेटाबेसचं पोर्ट तर कम्पोज फाइलमध्ये लिहायची गरजच नसते, कारण एकाच कम्पोजमधले कंटेनर एकमेकांना आतूनच दिसतात.

काय बसवावं? फोटोंसाठी इमिच, ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या २.० पासून ते स्थिर म्हणवतं, त्याआधी दर थोड्या दिवसांनी काहीतरी बदलायचं. कागदपत्रांसाठी नेक्स्टक्लाउड हवंच असं नाही. नुसत्या फाइली यंत्रांमध्ये सारख्या ठेवायच्या असतील तर सिंकथिंग कितीतरी हलकं आहे आणि त्याला सांभाळावं लागत नाही. स्कॅन केलेली बिलं-पावत्या शोधण्याजोगी हवी असतील तर पेपरलेस-एनजीएक्स. पासवर्डसाठी व्हॉल्टवॉर्डन चांगलं आहे. सर्व्हर बंद पडला तरी फोनवरच्या बिटवॉर्डन ॲपमध्ये आधीची कूटबद्ध प्रत असते, त्यामुळे जुने पासवर्ड वाचता येतात. नवे जतन होत नाहीत. तरीही पासवर्ड शेवटी न्या, बॅकअपची तालीम एकदा पार पडल्यावर.

जाहिराती अडवणारं पाय-होल बसवायचा मोह होईल. बसवा, पण त्याच यंत्रावर तुम्ही प्रयोगही करत असाल तर तुम्ही ते रीस्टार्ट केलं की घरातल्या सगळ्यांचं "नेट जातं". दुसरा डीएनएस म्हणून बाहेरचा पत्ता दिला की काम भागतं असं वाटतं, पण उपकरणं दुसरा डीएनएस फक्त अडचणीच्या वेळीच वापरतील याची खात्री नसते. बरीच दोन्हींना विचारतात आणि जाहिराती परत दिसायला लागतात. दुसरं पाय-होल एखाद्या छोट्या वेगळ्या यंत्रावर चालवणं हाच नीट उपाय.

ईमेल मात्र नको. तांत्रिकदृष्ट्या जमतं, पण घरगुती जोडण्यांवर ईमेल पाठवायचं पोर्ट २५ बरेचदा बंद असतं, घरगुती आयपी स्पॅमहाउसच्या अडवायच्या पत्त्यांच्या यादीत आधीच असतात, आणि एसपीएफ, डीकिम, डीमार्क या पाठवणाऱ्याची खात्री पटवणाऱ्या सगळ्या नोंदी बिनचूक केल्या तरी पत्र समोरच्याच्या स्पॅममध्ये गेलं हे तुम्हाला कळतच नाही. शिवाय तुमची बाकी सगळी खाती परत मिळवायची वाट त्या ईमेलमधूनच जाते. स्वतःचं डोमेन ठेवा आणि पत्रं सांभाळायचं काम पैसे देऊन दुसऱ्याला द्या.

आता यंत्र. सर्व्हर चोवीस तास चालतो, म्हणून त्याचा वेग बघण्याआधी रिकामं बसलेलं असताना तो किती वीज खातो ते बघा. सतत १० वॅट म्हणजे वर्षाला ८७.६ युनिट, जुना डेस्कटॉप ६० वॅट घेत असेल तर ५२५.६. इंटेलचा एन१०० असलेले मिनी पीसी याच कारणासाठी लोकप्रिय झाले: चार कोर, प्रोसेसरची नेमून दिलेली उष्णता ६ वॅट, आणि व्हिडिओचं रूपांतर करणारं हार्डवेअर आतच. जेलीफिन या मीडिया सर्व्हरला त्याचा मोठा उपयोग होतो. रॅस्पबेरी पायही चालेल, पण एसडी कार्डावरून नाही. सततच्या लिहिण्याने कार्डं झिजतात, आणि बरेचदा काही न सांगता झिजतात. पाय ५ ला एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) डिस्क जोडता येते, तीच जोडा.

तुमचा जुना लॅपटॉप सुरुवातीला उत्तम आहे. वीज कमी खातो आणि वीज गेल्यावर स्वतःच्या बॅटरीवर चालतो. दोन कामं करा. एक, झाकण मिटलं की झोपू नये म्हणून सिस्टिमडी या लिनक्सच्या व्यवस्थापकाच्या लॉगिनडी सेटिंग्जमध्ये झाकणाच्या स्विचकडे दुर्लक्ष करायला सांगा. दोन, बॅटरी वर्षानुवर्षं शंभर टक्क्यांवर आणि गरम ठेवली तर फुगते, म्हणून बायोसमध्ये किंवा टीएलपी या बॅटरी सांभाळणाऱ्या साधनामध्ये चार्जिंगची मर्यादा ६० ते ८० टक्क्यांवर आणा. तशी सोय नसेल आणि बॅटरी काढता येत असेल तर काढून टाका. टचपॅड वर उचललेला किंवा झाकण नीट बसत नसलेलं दिसलं, तर त्याच दिवशी यंत्र बंद करा.

मिनी पीसी घेतलात तर बायोसमध्ये "वीज परत आल्यावर चालू हो" ही सेटिंग लावा, नाहीतर तुम्ही गावाला गेलेले असताना दोन मिनिटं वीज गेली की सर्व्हर तुम्ही परत येईपर्यंत बंद. छोटा यूपीएस घ्या आणि राउटरही त्यावरच जोडा. नेटवर्क यूपीएस टूल्स बसवून बॅटरी संपत आली की सर्व्हर व्यवस्थित बंद होईल असं करा. यूपीएस असून हे केलं नसेल तर तो वीज जाण्याला फक्त थोडा उशीर करतो. त्यातली शिशाची बॅटरी तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते. फिरत्या डिस्क घेताना एसएमआर (एकमेकांवर चढलेल्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या) नको, सीएमआर (सुट्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या) बघा. एसएमआर डिस्क मोठं सलग लिखाण आलं की प्रचंड मंदावतात आणि झेडएफएसच्या पुनर्बांधणीत तर हमखास त्रास देतात.

डिस्क कूटबद्ध करावी का? चोरीची किंवा भंगारात गेलेल्या डिस्कची चिंता असेल तर करा, पण मग वीज येऊन यंत्र चालू झाल्यावर कुणीतरी पासफ्रेज द्यावा लागतो. मधला मार्ग असा की कार्यप्रणालीची डिस्क उघडी ठेवायची, म्हणजे यंत्र आणि एसएसएच आपोआप सुरू होतात, आणि डेटाची डिस्क दुरून लॉगिन करून उघडायची. मी हाच पसंत करतो.

देखभालीत तुम्ही रोज लक्ष घालायचं नसतं. बिघाडाने तुम्हाला हाक मारली पाहिजे. डिस्कची तब्येत बघणारं स्मार्टमॉनटूल्स बसवा, त्यातला स्मार्टडी महिन्यातून एकदा डिस्कची लांब चाचणी करेल असं लावा आणि त्याचा निरोप फोनवर येऊ द्या. डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेल्या आकड्यांतला पाच नंबरचा गुण, म्हणजे बदली दिलेले सेक्टर, आणि १९७ नंबर, म्हणजे वाचता न येणारे प्रलंबित सेक्टर, शून्यावरून हलून वाढत राहिले तर नवी डिस्क मागवा. १९९, म्हणजे जोडणीतल्या चुका, वाढत असेल तर डिस्कला दोष देण्याआधी केबल बदला.

सेवा चालू आहेत का ते बघणारा अपटाइम कुमा त्याच सर्व्हरवर चालवून लोक खूश असतात, पण सर्व्हर मेला की तोही मरतो. उलटी व्यवस्था लावा: बॅकअप यशस्वी झाला की स्क्रिप्टने बाहेरच्या सेवेला एक टिचकी मारायची, आणि ठरल्या वेळी टिचकी आली नाही तर त्या सेवेने तुम्हाला कळवायचं. हेल्थचेक्स डॉट आयओ नेमकं हेच करतं. "बॅकअप झाला" असे रोजचे ईमेल लावू नका. चार दिवसांत ते वाचणं बंद होतं आणि यायचे थांबले तरी लक्षात येत नाही.

डेबियनच्या सुरक्षा-दुरुस्त्या त्या आपोआप बसवणाऱ्या अनअटेंडेड-अपग्रेड्सवर सोडा. कर्नल बदलल्यावर रीबूट लागतं, तेवढं महिन्यातून एकदा तुम्ही जागे असताना करा, कारण यंत्र परत नीट चालू होतं का हेही त्यातच कळतं. कंटेनरची अपडेट मात्र हाताने करा, बदलांची यादी वाचून आणि आदल्या रात्रीचा बॅकअप झाला आहे हे बघून. अपडेट पूर्ण टाळणंही महागात पडतं: २०२२ मध्ये एका पासवर्ड-कंपनीतल्या अभियंत्याच्या घरच्या संगणकात चोर शिरले ते मीडिया सर्व्हरच्या अशा त्रुटीतून, जिची दुरुस्ती २०२० मध्येच आलेली होती.

डिस्क अचानक भरली तर आधी डॉकरच्या लॉगकडे बघा. मूळ सेटिंगमध्ये त्यांच्या आकाराला मर्यादाच नसते. डॉकरच्या डेमन फाइलमध्ये प्रत्येक लॉगला १० एमबी आणि तीन फाइली अशी मर्यादा घाला. जुन्या यंत्रात घड्याळ भरकटत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. घड्याळ चुकलं की प्रमाणपत्रं आणि दोन-टप्पी लॉगिनचे आकडे, दोन्ही नाकारले जातात आणि माणूस भलतीकडेच कारण शोधत बसतो.

वेळेचं म्हणाल तर घडी बसल्यावर महिन्याला एक-दोन तास पुरतात, शिवाय डेबियनची मोठी आवृत्ती बदलताना एक सुट्टीचा दिवस. बहुतेकांचा वेळ देखभालीत जातच नाही. तो जातो नव्या सेवा बसवून बघण्यात, ज्या सहा महिन्यांनी कुणी उघडत नाही. प्रयोग करावेत, पण त्यांच्यासाठी वेगळं आभासी यंत्र ठेवा. ज्या यंत्रावर घरच्यांचे फोटो आहेत तिथे नाही.

शेवटी घरच्यांसाठी एक कागद. त्यावर डोमेन कुठे घेतलं आहे, त्याचे आणि बाहेरच्या बॅकअपचे पैसे कधी भरायचे असतात, बॅकअपचा पासवर्ड, आणि तंत्रज्ञान कळणाऱ्या एखाद्या मित्राचं नाव एवढं असू द्या. फोटो नुसत्या फोल्डरमध्ये साध्या फाइली म्हणून एका यूएसबी डिस्कवरही ठेवा, वर्षातून एकदा भर घालून. ती डिस्क कूटबद्ध नको आणि तिच्यावरची फाइलप्रणाली कुठल्याही संगणकाला वाचता येणारी, एक्सफॅट, असू द्या. तुम्ही नसताना किंवा आजारी असताना घरच्यांना डॉकर शिकायला लागू नये.